राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे : अल्प भांडवलावर इंटरनेटद्वारे झालेल्या संगीतप्रसाराचा इतिहास

कोणतीही कला केवळ कलावंताच्या अंगच्या गुणांवर जगत नाही; तिला आश्रय लागतो. तो आश्रय कोणाचा, कोणत्या अटींवर मिळालेला आणि किती काळ टिकणारा, यावर कलावंताचा योगक्षेम अवलंबून असतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला, तो संस्थानाधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ साली श्रीमंत निवर्तले, दरबारचा आधार संपला आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरणे भाग पडले. १८५३ साली मुंबईस तिकीट लावून त्यांचे खेळ झाले. दरबारचे दार बंद झाले म्हणून लोकांचे दार ठोठवावे लागले, आणि त्यातूनच मराठी रंगभूमीस लोकाश्रय लाभला, हे आपण सर्व जाणतो.

याच स्वरूपाचे एक स्थित्यंतर गेल्या तीस वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतील लहान लहान वाद्यवृंदांच्या वाट्यास आले. तेथे दरबाराच्या जागी ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या होत्या, आणि लोकांच्या दाराशी जाण्याचा रस्ता इंटरनेटने खुला केला, एवढाच काय तो फरक. आज आपल्या समाजातील कितीतरी घरांतून गाणारी, वाजविणारी, स्वतः गीते रचणारी मुले-मुली आहेत. त्यांचे आईबाप विचारतात की, 'आमच्या मुलाचे गाणे लोकांपर्यंत पोहोचवावयाचे तर किती पैसे लागतील?' या प्रश्नाचे उत्तर बाजारात अनेकजण देतात, आणि त्याचे मोलही घेतात. परंतु त्या उत्तरापूर्वी या मार्गाने आधी गेलेल्यांचा इतिहास पाहून घेणे अधिक शहाणपणाचे. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

मध्यस्थांचा काळ

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गाणे आणि श्रोता यांच्यामध्ये चार दरवाजे होते. पहिला ध्वनिमुद्रणगृहाचा; त्याचे भाडे सामान्य मुलांच्या आवाक्याबाहेरचे. दुसरा कारखान्याचा, तबकड्या काढावयाच्या तर त्या शेकड्यांनी काढाव्या लागत, दहा-वीस काढून भागत नसे. तिसरा दुकानदाराचा, ओळखीच्या वितरकाकडून आल्याशिवाय तो माल ठेवीत नसे. आणि चौथा रेडिओचा. या चारही दरवाजांच्या किल्ल्या कंपनीच्या कंबरेस असत. कंपनी कलावंतास आगाऊ रक्कम देई, पण ती देणगी नसून उचल असे. मुद्रणाचा आणि जाहिरातीचा बराचसा खर्च पुढे कलावंताच्याच हिश्श्यातून वळता होई, आणि मूळ मुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राही. सालगड्याची उचल जशी सालोसाल फिटत नाही, तशीच पुष्कळ गायकांची उचलही फिटत नसे.

याहूनही मोठी एक उणीव होती आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नसे. लाख तबकड्या खपल्या तरी त्या कोणी घेतल्या, हे कलावंतास कळण्यास मार्ग नव्हता. खप कळे, खरीदणारा कळत नसे. कंपनीने हात काढून घेतला की तो लाखांचा श्रोतृसमुदाय जणू धुक्यात विरून जाई. पुढील सारा इतिहास, माझ्या मते, या एका उणिवेच्या परिहाराचा इतिहास आहे.

सांताक्रूझचे विद्यार्थी

१९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत जेफ पॅटरसन आणि रॉब लॉर्ड हे विद्यार्थी शिकत होते. पॅटरसनचा 'द अग्ली मग्ज' नावाचा एक छोटा वाद्यवृंद होता. त्याची गाणी प्रसिद्ध करण्यास कोणी कंपनी पुढे येणे शक्य नव्हते, म्हणून या मित्रांनी ती संगणकाच्या जाळ्यावर ठेविली. त्यातून 'इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह' हा उपक्रम उभा राहिला. ज्यांच्याशी कोणत्याही कंपनीचा करार नाही अशा वाद्यवृंदांना आपली गाणी ठेवण्यास जागा देणारे हे आरंभीचे स्थान होय.

त्या काळी ही गोष्ट किती अवघड होती, हे थोड्या हिशेबाने ध्यानात येईल. तबकडीवरील एका मिनिटाच्या ध्वनीस सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्यास ३०. त्या काळच्या टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास २८,८०० बिट या गतीने ते गाणे उतरवून घ्यावयास दोन तासांहून अधिक काळ लागला असता. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी ध्वनी आटोपशीर करण्याच्या ज्या पद्धतीवर दीर्घ काळ काम केले, तिने ही अडचण दूर केली. मानवी कानास जे ऐकू येण्याची शक्यता कमी, ते गाळून टाकावयाचे, हे तिचे तत्त्व. त्यायोगे ३० मेगाबाइटचे गाणे सुमारे ३ मेगाबाइटमध्ये मावू लागले आणि पाव तासात घरी येऊ लागले. १९९५ साली या पद्धतीस 'एमपी३' हे सुटसुटीत नाव मिळाले.

अशा रीतीने कारखान्याचा आणि दुकानाचा दरवाजा निदान किलकिला झाला. सांताक्रूझचा उपक्रम पुढे मालकांच्या हातांतून फिरत फिरत २००६ साली बंद पडला. परंतु तोवर २५,००० हून अधिक वाद्यवृंदांनी तेथे आपली गाणी ठेविली होती. त्यांतील बहुतेकांचे नाव आज कोणास ठाऊक नाही. गाणे लोकांसमोर ठेवणे आणि लोकांनी ते ऐकणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा इतिहासाने पहिल्याच पाठात दिला.

मॅरिलियनची लोकवर्गणी

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण इंग्लंडमधील 'मॅरिलियन' या वाद्यवृंदाचे आहे. १९७९ साली स्थापन झालेल्या या मंडळीस ईएमआय या बलाढ्य कंपनीचा आश्रय लाभला. १९८५ साली त्यांचे 'केली' हे गीत ब्रिटनमधील खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. १९८८ साली मुख्य गायक मंडळी सोडून गेला. त्याच्या जागी स्टीव्ह होगार्थ आला. खप मात्र उतरत गेला आणि १९९५ साली कंपनीने त्यांना निरोप दिला. वाद्यवृंद पंचविशीत मोडला तर नवा उभारता येतो. परंतु संसारी माणसांवर असा प्रसंग आला म्हणजे पुढे काळोख दिसतो.

१९९७ साली त्यांचा नवा संग्रह निघाला, पण अमेरिकेचा दौरा करण्यास पैसा नव्हता. तेथील कंपनी खर्च सोसण्यास तयार नव्हती. त्यांच्या चाहत्यांचे एक ई-मेलद्वारे चालणारे मंडळ होते. देशोदेशीचे रसिक त्यात एकमेकांशी पत्रव्यवहार करीत. वाद्यवृंदातील मार्क केली हा त्यातील पत्रे वाचीत असे. 'अमेरिकेस केव्हा येणार?' या वारंवार येणाऱ्या प्रश्नास त्याने सरळ उत्तर दिले की, दौऱ्यात सुमारे ६०,००० डॉलरची खोट येईल, ती सोसण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही, म्हणून येणे घडणार नाही.

या उत्तरात याचना नव्हती, वस्तुस्थिती होती. परंतु त्या मंडळातील एका रसिकाने सुचविले की, ही खोट आपणच वर्गणीने भरून काढू. वाद्यवृंदास ही कल्पना प्रथम वेडेपणाची वाटली. तथापि एका अमेरिकन चाहत्याने स्वतंत्र बँक खाते उघडले, रसिकांनी त्यात यथाशक्ति पैसे घातले, आणि पाहता पाहता ६०,००० डॉलर जमा झाले. विशेष हे की, वर्गणी दिली म्हणून कोणास फुकट प्रवेश नव्हता. प्रत्येकाने आपले तिकीट पुन्हा वेगळे काढावयाचे होते. त्याच वर्षी दौरा पार पडला. आपल्याकडे सार्वजनिक उत्सव पावतीपुस्तकावर चालतो, त्यामुळे या गोष्टीचे आपणांस फारसे नवल वाटणार नाही. परंतु सातासमुद्रांपलीकडे विखुरलेल्या, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी टपालखर्चाशिवाय अशी वर्गणी गोळा करावी, ही घटना नवीन होती. वर्गणीने कलाकृती उभी करण्याची सोय करणारे 'किकस्टार्टर' हे प्रसिद्ध स्थळ २००९ साली निघाले, म्हणजे या घटनेनंतर बारा वर्षांनी.

केलीने व त्याच्या सोबत्यांनी यातून योग्य तो बोध घेतला. नवा करार करून पुन्हा उचल घेण्याऐवजी त्यांनी आपल्याजवळ जमलेल्या सुमारे ६,००० चाहत्यांच्या पत्त्यांवर ई-मेल पाठवून विचारले की, अद्याप मुद्रितही न झालेल्या संग्रहाची किंमत तुम्ही आगाऊ द्याल काय? उत्तर एकमुखाने होकाराचे आले. १२,००० हून अधिक लोकांनी पैसे भरले. त्या पैशावर २००१ सालचा संग्रह तयार झाला. गंमत अशी की, तो दुकानांतून पोहोचविण्याचे काम ईएमआयनेच केले. पण आता मालक म्हणून नव्हे, केवळ वितरक म्हणून. ज्या दारातून त्यांना बाहेर घालविण्यात आले, त्याच दाराने ते स्वतःच्या अटींवर आत आले.

२००४ सालच्या 'मार्बल्स' या संग्रहासाठी पुन्हा आगाऊ नोंदणी झाली. वेळेत पैसे भरणाऱ्यांची नावे विशेष आवृत्तीच्या पुस्तिकेत छापण्यात आली. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापतात तसाच हा प्रकार, आणि त्याचा आनंदही तसाच. त्यातील एक गीत ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेले. २००२ पासून चाहत्यांची संमेलने भरू लागली. देशोदेशीचे लोक एकत्र जमून दोन-तीन दिवस याच मंडळीचे संगीत ऐकू लागले. २०२२ साली, म्हणजे स्थापनेनंतर ४३ वर्षांनी, त्यांचा संग्रह ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. ज्यांना १९९५ साली बाजाराने निकालात काढले होते, त्यांची ही कथा आहे.

या यशाचे बीज कशात होते? जाहिरातीत नव्हे, युक्तीतही नव्हे. सहा हजार माणसांची नावे व पत्ते त्यांच्या हाती होते, आणि त्या माणसांशी ते खरे बोलत होते. यात सारे आले.

ग्राहकाचे नाव आणि पत्ता

याच सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे डेरेक सिव्हर्स नावाचा एक गायक-वादक आपली तबकडी विकण्याची खटपट करीत होता. मोठे वितरक त्यास उभे करीत ना. म्हणून १९९८ साली त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर विक्रीची सोय केली. मित्र म्हणाले, 'आमचीही ठेव'. त्यातून 'सीडी बेबी' हे दुकान उभे राहिले. दर कसा ठरवावा हे त्यास ठाऊक नव्हते. गावातील एका तबकड्यांच्या दुकानाचा रिवाज त्याने विचारून घेतला आणि त्या धर्तीवर नोंदणीस ३५ डॉलर व प्रत्येक तबकडीमागे ४ डॉलर एवढेच आपल्याकडे ठेवण्याचे ठरविले. बाकी किंमत कलावंताची.

सिव्हर्सने आरंभीच काही नियम केले होते. पैसे आठवड्याच्या आठवड्यास मिळावे. खप कमी म्हणून कोणास काढून टाकू नये. पैसे घेऊन कोणाचा माल दर्शनी जागी मांडू नये. आणि प्रत्येक खरेदीदाराचे पूर्ण नाव व पत्ता कलावंतास द्यावा. हा शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. धंद्यात गिऱ्हाईक ही दुकानदाराची मिळकत समजतात. सिव्हर्सने ती कलावंताची मिळकत मानली. २००८ साली त्याने हे दुकान २ कोटी २० लाख डॉलरना विकले आणि त्याचे उत्पन्न संगीतशिक्षणासाठी केलेल्या धर्मादाय न्यासाकडे वळविले. स्वतः वादक असलेल्या माणसाने वादकांची गरज ओळखून केलेला हा व्यवहार होता.

शेफील्डपासून कुर्ल्यापर्यंत

इंग्लंडमधील शेफील्ड हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. तेथील चार तरुणांनी २००२ साली 'आर्क्टिक मंकीज' हा वाद्यवृंद काढला. कार्यक्रमास आलेल्यांना ते आपल्या गाण्यांच्या घरी केलेल्या तबकड्या फुकट वाटीत. खर्च म्हणाल तर कोऱ्या तबकड्यांचा. त्या संपल्या म्हणजे ज्यांना मिळाल्या ते इतरांसाठी नकला काढीत, इंटरनेटवर ठेवीत. 'मायस्पेस' या स्थळावरील त्यांचे पानदेखील चाहत्यांनीच तयार केले होते. परिणाम असा झाला की, परगावी कार्यक्रमास गेले असता एकही संग्रह बाजारात नसताना श्रोते त्यांची गाणी त्यांच्याबरोबर म्हणू लागले. जून २००५ मध्ये त्यांनी 'डॉमिनो' या लहान स्वतंत्र कंपनीशी करार केला. जानेवारी २००६ मध्ये पहिला संग्रह निघाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या ३,६३,७३५ प्रती खपल्या.

या घटनेचे वर्णन 'इंटरनेटने घडविलेला चमत्कार' असे पुष्कळांनी केले. ते अर्धसत्य आहे. ही मुले लहानसहान दिवाणखान्यांतून, मद्यगृहांतून सातत्याने वाजवीत होती. तेथे जी ऊब निर्माण झाली ती इंटरनेटने दूरवर पोहोचविली. चूल पेटलेली नसती तर वाऱ्याने काय पसरविले असते?

अमेरिकेतील 'ओके गो' या मंडळीचा मार्ग काहीसा निराळा. २००५ साली 'यूट्यूब' सुरू झाले आणि चित्रफीत जगभर दाखविण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. २००६ साली या चौघांनी व्यायामाच्या आठ ट्रेडमिलवर नाच बसविला. दिग्दर्शन गायकाची बहीण ट्रिश सी हिने केले. एकच कॅमेरा, तोही जागचा न हलणारा. आणि मध्ये कोठेही न तोडता सबंध गीत. सतराव्या प्रयत्नास ते मनासारखे साधले. ही चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली आणि २००७ साली तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. येथे पैशाची जागा तालमीने घेतली. ज्याच्यापाशी द्रव्य नाही त्याने वेळ आणि मेहनत ओतावी, हा न्याय आपल्या तालीमबाज पूर्वजांस नवीन नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळू. कुर्ल्याच्या वस्तीतील नावेद शेख या तरुणाने 'नेझी' या नावाने २०१४ च्या जानेवारीत 'आफत' हे रॅप गीत प्रसिद्ध केले. वडिलांनी दिलेला एक आयपॅड हेच त्याचे ध्वनिमुद्रणगृह आणि तोच कॅमेरा. आपल्याच गल्लीत, आपल्याच मित्रांना घेऊन त्याने ते चित्रित केले. पुढे २०१५ साली अंधेरीच्या 'डिव्हाइन' या गायकासमवेत त्याचे 'मेरे गली में' हे गीत आले. या दोघांच्या जीवनावरून स्फूर्ती घेऊन झोया अख्तर यांनी काढलेला 'गली बॉय' हा चित्रपट २०१९ साली पडद्यावर आला. कुर्ल्याच्या गल्लीत चार दरवाजांपैकी एकही दरवाजा नव्हता. पण गल्लीची भाषा, गल्लीचे दुःख आणि गल्लीचा रुबाब जसाच्या तसा गीतात उतरला होता. ज्यांचे ते जीवन होते त्यांनी ते प्रथम उचलून धरले आणि मग इतरांनी.

परक्याच्या वाड्यातील बिऱ्हाड

येथपर्यंतचा इतिहास उत्साहवर्धक आहे. परंतु इतिहासलेखकाने नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवू नये.

'ओके गो'ची चित्रफीत वाढली ती लोकांनी ती आपापल्या संकेतस्थळांवर लावली म्हणून. पुढे त्यांच्या कंपनीने, म्हणजे ईएमआयने, ही सोय बंद केली; कारण यूट्यूबच्या स्वतःच्या पानावर पाहिले तरच तिला पैसे मिळत. गायक डेमियन कुलाश याने २०१० साली लिहिले की, त्यामुळे पाहणाऱ्यांची रोजची संख्या एकदम दशांशावर आली. त्याच वर्षी मंडळी त्या कंपनीतून बाहेर पडली.

मायस्पेसची कथा याहून करुण आहे. २०१९ साली त्या स्थळाने मान्य केले की, माहितीचे स्थलांतर करताना २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी ठेविलेले संगीत नष्ट झाले. १ कोटी ४० लाख कलावंतांची सुमारे ५ कोटी गाणी! पुष्कळांनी दुसरी प्रत ठेविली नव्हती. दुसऱ्याच्या वाड्यात भाड्यावाचून बिऱ्हाड थाटले की सुख वाटते खरे, पण मालकाने वाडा पाडला तर तक्रार कोठे करावयाची?

गाणी ऐकविणाऱ्या आजच्या कंपन्यांची गोष्टही लक्षात घ्यावी. 'स्पॉटिफाय' २००८ साली सुरू झाले. एकदा गाणे वाजले म्हणजे हक्कदारास मिळणारी रक्कम सेंटच्या अंशात मोजावी लागते. आणि २०२४ पासून असा नियम झाला की, मागील बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्यास तेवढेही मानधन नाही. नियम त्यांचा, घर त्यांचे. आपण पाहुणे.

या अनिश्चिततेतूनच एक नवा व्यवसाय उदयास आला आहे. 'आम्ही तुमच्या मुलाच्या गाण्यास लाख प्रेक्षक मिळवून देऊ' असे सांगणारे लोक गावोगाव झाले आहेत. माझ्या परिचयाच्या एका सद्‌गृहस्थांनी, मुलीच्या भावगीतांसाठी, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतील ४०,००० रुपये अशा एकास दिले. आठवड्यात आकडा लाखावर गेला. घरात पेढे वाटले. पुढील महिन्यात त्या मुलीचा गावातच कार्यक्रम ठेविला, तेव्हा सभागृहात नातलगांखेरीज अकरा माणसे होती. ते लाख प्रेक्षक माणसेच नव्हती. यंत्राने फिरविलेले आकडे होते. मुलीचा आवाज गोड आहे आणि तिची साधनाही खरी आहे. तिला काही महिने गाण्याचाच वीट आला, ही खरी हानी. रुपये गेले ते गेले.

खोट्या आकड्यांचा दोष केवळ नैतिक नाही. ज्या यंत्रणेमार्फत ही स्थळे गाणी पुढे सरकवितात, ती ऐकणारा शेवटपर्यंत थांबतो की नाही, पुन्हा येतो की नाही, हे पाहत असते. विकतचा श्रोता थांबत नाही आणि परतत नाही. म्हणजे पैसे देऊन आपण आपल्याच गाण्याविरुद्ध साक्षीदार उभे करतो. शिवाय असे आकडे उघडकीस आले की स्थळाचे चालक ते कापून टाकतात आणि प्रसंगी गाणेही काढून टाकतात.

लोकवर्गणीचा हिशेब

लोकाश्रय मिळाला म्हणजे सर्व झाले, असेही नाही. त्याचा हिशेब द्यावा लागतो. अमेरिकन गायिका अमांडा पामर हिने २०१२ साली किकस्टार्टरवर १,००,००० डॉलर मागितले. २४,८८३ लोकांनी मिळून तिला ११,९२,७९३ डॉलर दिले. पण दौऱ्यात गावोगावच्या स्थानिक वादकांनी बिदागीवाचून साथ करावी असे तिने आवाहन करताच मोठे काहूर उठले. 'लोकांनी तुला एवढे दिले, मग तू साथीदारांस का देत नाहीस?' हा प्रश्न रास्त होता. अखेर तिने त्यांस मोबदला देण्याचे ठरविले. दरबारचा खजिनदार वर्षातून एकदा हिशेब विचारी. लोक रोज विचारतात, आणि तो त्यांचा अधिकारच आहे.

२००८ साली केव्हिन केली या अमेरिकन लेखकाने एक साधे गणित मांडले. कलावंतास लक्षावधी चाहत्यांची गरज नाही. वर्षास १०० डॉलर खर्च करणारे १,००० निष्ठावंत रसिक मिळाले तरी १,००,००० डॉलर होतात व निर्वाह चालतो. हे गणित आपल्या परिस्थितीस लावून पाहू. वर्षास १,००० रुपये देणारी ५०० माणसे म्हणजे ५ लाख रुपये. ५०० माणसे म्हणजे एखाद्या लग्नाची पंगत! लाखांच्या आकड्यामागे धावणाऱ्याने क्षणभर थांबून एवढा विचार करावा. अर्थात या ५०० जणांनी प्रत्येक वर्षी आपणहून पैसे काढावे, यासाठी त्यांच्याशी संबंध किती जिव्हाळ्याचा हवा, हेही त्याच गणितात अध्याहृत आहे.

उपसंहार

या तीस वर्षांच्या इतिहासातून चार गोष्टी निःसंशय हाती लागतात, असे मला वाटते.

पहिली ही की, मुद्रणाचा व प्रसाराचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला आहे. म्हणून जो कोणी त्यासाठी मोठी रक्कम मागतो, त्यास ती कशाची, हे कागदावर लिहून मागावे. दुसरी ही की, गाण्याची मूळ प्रत सदैव आपल्या घरी, दोन ठिकाणी जतन करावी. कोणतेही संकेतस्थळ कितीही मोठे असो, ते कायमचे नाही. तिसरी ही की, आधी जवळचा श्रोता जोडावा. गावातील मंदिर, शाळेचे सभागृह, समाजाचा मेळावा येथे गायिलेल्या गाण्यास जो पाया लाभतो, त्यावरच दूरचा मजला चढतो. शेफील्डच्या व कुर्ल्याच्या मुलांनी हेच केले. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची, ही की, प्रत्येक कार्यक्रमास एक वही ठेवावी आणि ज्यास गाणे आवडले त्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक व ई-मेल त्याच्या संमतीने लिहून घ्यावा. नवे गाणे झाले की प्रथम त्यांना कळवावे. काही अडले तर त्यांना खरे सांगावे. काही दिले तर त्यांचे आभार मानावे. या वहीस कागदाचे चार-सहा आणे मूल्य नसले तरी कलावंताची खरी मिळकत तीच. स्थळे बुडतात, कंपन्या हात वर करतात, नियम बदलतात; ही वही आपलीच राहते.

तरुण कलावंतांस माझे सांगणे असे की, आपला आकडा इतरांच्या आकड्याशी लावून खचू नका. सहा हजारांच्या यादीवर एका मंडळीने चाळीस वर्षे पार केली. तुमची यादी साठांची असेल तर साठांपासून आरंभ करा. वडीलधाऱ्यांस विनंती अशी की, मुलाच्या गाण्यासाठी साठविलेला पैसा जाहिरातदारास देण्यापूर्वी त्याच्या गुरूस द्या, चांगल्या वाद्यासाठी द्या, तालमीस लागणाऱ्या वेळेच्या रूपाने द्या. आणि आपणां सर्वांस एक सांगणे. शेजारच्या घरातील मुलगा गात असेल तर त्याचे गाणे शेवटपर्यंत ऐकावे, त्याच्या कार्यक्रमाचे तिकीट मागून न घेता विकत घ्यावे, आणि त्याच्या वहीत आपले नाव लिहावे. लोकाश्रय म्हणजे कोणी दूरचे लोक नव्हेत. ते आपणच.